ढेकळांतून उठणारा वारा

सकाळी साडेनऊला आम्ही डोंगरमाथ्यावर पोहोचलो आणि दुपारी तीनपर्यंत एकही पंख हवेत गेला नाही. मावळातला, कामशेतजवळचा तो डोंगर. फेब्रुवारी महिना. आकाश निरभ्र, ऊन सोसवेल असं, समोर पवनेच्या खोऱ्याकडे उतरत गेलेली गवताळ सोंड. परभणीहून आलेल्या माझ्यासारख्या नवख्याला वाटलं, उडायला याहून चांगला दिवस कोणता असणार? पण प्रशिक्षक अधूनमधून उठायचा, वाळक्या गवताची चिमूट बोटांतून सोडायचा, ती कुठे जाते ते बघायचा आणि पुन्हा करवंदीच्या जाळीच्या सावलीत येऊन बसायचा. तो त्याच भागातल्या गावचा, पंचविशीतला मुलगा. गवत प्रत्येक वेळी दरीच्या दिशेने उडत होतं. म्हणजे वारा आमच्या पाठीमागून येत होता.

मला माझे आजोबा आठवले. खळ्यावर उपणणी करताना तिवईवर उभे राहून ते असेच वाऱ्याची वाट बघायचे. वारा पडला की पाटी खाली, आला की पाटी वर. दिशा बदलली तर तिवईच फिरवून ठेवायची. भूस एकीकडे आणि ज्वारी दुसरीकडे पडावी इतका नेमका वारा त्यांना हवा असे. डोंगरावरचा हा मुलगा तेच करत होता, फक्त त्याच्याकडे तिवई फिरवायची सोय नव्हती. डोंगराचं तोंड पश्चिमेला, ते काही वळवता येत नाही. म्हणून बसून राहायचं.

वारा पाठीमागून आला तर बिघडतं काय? ओढ्यावरचा बंधारा डोळ्यांसमोर आणा. पाणी बंधाऱ्यावर चढताना संथ, एकसंध असतं. पलीकडे कोसळलं की तिथे भोवरे होतात, पाणी उलटं फिरतं, काटकी टाकली तर ती तिथल्या तिथे गटांगळ्या खात राहते. डोंगरावरून जाणारी हवा अगदी असंच करते. वाऱ्याच्या तोंडावरच्या उतारावर ती गुळगुळीत वर चढते आणि आडोशाच्या बाजूला कोसळून घुसळली जाते. या घुसळणीला उडणारे लोक ‘रोटर’ म्हणतात. पॅराग्लायडरचा पंख कापडाचा असतो. आत भरलेल्या हवेमुळेच त्याला आकार असतो. अशा घुसळलेल्या हवेत तो क्षणात मिटू शकतो. पाण्यातले भोवरे दिसतात, हवेतले दिसत नाहीत. म्हणून त्या दिवशी एवढ्या स्वच्छ उन्हात आम्ही सगळे डोंगरावर गप्प बसून होतो.

त्या रिकाम्या वेळात मी पंख हात लावून पाहिला. पातळ नायलॉनचं कापड, वरचा एक थर आणि खालचा एक. मधे कापडाच्याच उभ्या पट्ट्या शिवून अनेक कप्पे केलेले. पुढच्या कडेला हे कप्पे उघडे, मागे बंद. हवा पुढून शिरते, बाहेर पडायला वाट नसते, म्हणून कापड फुगून विमानाच्या पंखासारखं वर फुगीर आणि खाली सपाट होतं. दोघांनी मिळून उडायचा पंख साधारण 40 चौरस मीटरचा, म्हणजे एका लहान घराएवढा. एकट्याचा त्याच्या निम्म्याहून थोडा मोठा. त्याला खालून सुतळीहून बारीक दोऱ्यांचं जाळं, त्या दोऱ्या दोन्ही खांद्यांजवळच्या पट्ट्यांत एकत्र येतात. दोन्ही हातांत एकेक ब्रेक. उजवा ओढला की पंखाची उजवी मागची कड खाली वाकते आणि आपण उजवीकडे वळतो. इंजिन नाही, चाकं नाहीत, धातूचा सांगाडाही नाही. गुंडाळून पाठीवरच्या पिशवीत भरला की सगळं सामान पंधरा-वीस किलो.

हँग ग्लायडर हा त्याचा थोरला भाऊ. त्याला ॲल्युमिनियमचा सांगाडा असतो, त्यावर ताणून बसवलेलं जाड कापड, आणि माणूस त्याखाली पालथा लटकतो. समोरची आडवी दांडी पुढेमागे करून आपल्याच अंगाचं वजन सरकवायचं, तोच त्याचा सुकाणू. तो पॅराग्लायडरपेक्षा वेगवान आणि लांब पल्ल्याचा. चांगला पॅराग्लायडर शांत हवेत एक मीटर खाली येताना आठ-दहा मीटर पुढे सरकतो, हँग ग्लायडर बारा-पंधरा किंवा त्याहूनही जास्त. पण घडी केल्यावरही पाच-सहा मीटर लांब आणि तीसेक किलो वजनाची नळकांडी डोंगरावर न्यायची कशी, हा प्रश्न उरतो. कामशेतला, पाचगणीला पिशवीवाला पॅराग्लायडरच जास्त दिसतो, याचं कारण एवढंच आहे.

तीनच्या सुमारास गवताची चिमूट पहिल्यांदा आमच्या अंगावर परत आली. वारा फिरला होता. आता तो कोकणाच्या बाजूने, पश्चिमेकडून येत होता. आधी झुळका, मग सलग. प्रशिक्षकाने वाऱ्याचा वेग मोजला. ताशी 18 ते 20 किलोमीटर. पंचविसाच्या पुढे गेला तर नवख्याला न्यायचं नाही, हे त्याने सकाळीच सांगितलं होतं. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. ताशी 15 चा वारा 30 झाला तर जोर दुप्पट नाही, चौपट होतो. शिवाय पॅराग्लायडरचा स्वतःचा सहज वेग ताशी 36 ते 38 किलोमीटर असतो. समोरचा वारा तेवढाच झाला तर माणूस हवेत एका जागी उभा राहतो. त्याहून वाढला तर मागे सरकू लागतो, थेट डोंगरापलीकडच्या त्या घुसळणीत.

“दादा, फक्त पळायचं. पाय उचलले गेले तरी पळत राहायचं. मी सांगेपर्यंत बसायचं नाही.” पट्ट्यांच्या कड्या दुसऱ्यांदा तपासत तो म्हणाला. मी पळालो. तिसऱ्या-चौथ्या पावलाला मागून जोरात ओढ बसली, जणू नांगर कातळाला अडकला. पंख डोक्यावर आला, ओढ सुटली, आणखी पाच पावलं, आणि सहावं पाऊल गवताला लागलंच नाही. मी तरीही पाय हलवत होतो.

या क्षणी काय घडतं त्याचं गणित सोपं आहे. ताशी 20 किलोमीटरचा वारा म्हणजे सेकंदाला साडेपाच मीटर. डोंगराचा उतार 20 अंशांचा धरला तर वळवली गेलेली ही हवा उताराजवळ सेकंदाला पावणेदोन ते दोन मीटर वर चढते. पॅराग्लायडर स्वतःच्या वजनाने सेकंदाला साधारण एक-सव्वा मीटर खाली येत असतो. तो कायम खालीच येत असतो, पण ज्या हवेतून येतो ती हवाच त्याच्याहून जास्त वेगाने वर चाललेली असते. जे उरतं तेवढा आपण वर जातो. वारा नसेल तर दीडशे मीटरच्या डोंगरावरून सव्वादोन मिनिटांत जमिनीवर. वारा टिकला तर त्याच डोंगरासमोर तासन्‌तास. डोंगराच्या धारेला समांतर जायचं, टोकाला वळायचं आणि परत यायचं. वळण घ्यायचं ते कायम दरीकडे, डोंगराकडे कधीच नाही. समोरून कुणी आलं तर ज्याच्या उजव्या हाताला डोंगर असेल त्याने आपली वाट धरायची आणि दुसऱ्याने दरीच्या बाजूला सरकायचं, कारण पहिल्याला सरकायला जागाच नसते. हा नियम जगभर सारखा आहे.

परभणीत लहानपणापासून एक वाक्य ऐकत आलोय: जगात जर्मनी, भारतात परभणी. डोंगरावरून पंख लावून उडण्याचा इतिहास वाचायला घेतला आणि त्याची सुरुवात जर्मनीतच निघाली. ऑटो लिलिएन्थाल हा तिथला इंजिनिअर. त्याने आधी वर्षानुवर्षं पांढऱ्या करकोच्यांचं उडणं न्याहाळलं, पंखांची मापं घेतली आणि 1889 साली त्यावर पुस्तक लिहिलं. याच जातीचे करकोचे हिवाळ्यात भारतातही येतात. 1891 पासून पाच वर्षांत त्याने लाकडी काठ्या आणि कापडाच्या पंखांनी सुमारे दोन हजार उड्डाणं केली, सर्वांत लांब अडीचशे मीटर. या माणसाची एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. तो बर्लिनजवळच्या सपाट मुलखात राहत होता. उडायला डोंगर नव्हता, म्हणून 1894 साली लिख्टरफेल्डे इथे त्याने वीटभट्टीच्या टाकाऊ मातीची 15 मीटर उंचीची टेकडी रचून घेतली. ती शंकूसारखी होती, त्यामुळे वारा कुठूनही आला तरी त्याच्या समोर धावता येई. आजोबांनी तिवई फिरवावी, तसं त्याने अख्ख्या टेकडीला सगळ्या बाजूंनी तोंड ठेवलं. 9 ऑगस्ट 1896 रोजी दुसऱ्या एका टेकडीवर उडताना त्याचा पंख हवेत थबकला, तो पडला आणि दुसऱ्या दिवशी गेला. राइट बंधूंनी त्याचंच काम वाचून सुरुवात केली.

त्यानंतरचा मोठा टप्पाही जर्मनीतलाच. पहिल्या महायुद्धानंतरच्या तहाने तिथे इंजिनाच्या विमानांवर बंधनं आली, तेव्हा विद्यार्थी बिनइंजिनाची ग्लायडर घेऊन वासरकुपे नावाच्या डोंगरावर जमू लागले. 18 ऑगस्ट 1922 रोजी आर्थर मार्टेन्स तिथे डोंगराच्या वाऱ्यावर एक तासाहून जास्त वेळ तरंगला. धारेसमोर येरझाऱ्या घालायची जी रीत कामशेतला आज रोज दिसते, ती त्या दिवसांत पक्की झाली.

कापडी पंख पुढे अमेरिकेतून आला. फ्रान्सिस रोगालो आणि त्याची पत्नी गर्ट्रूड यांनी घडी होणारा लवचिक पंख शोधला, 1951 साली त्याचं पेटंट मिळालं. ऑस्ट्रेलियात जॉन डिकन्सनने 1963 मध्ये त्याला पकडायची दांडी जोडली आणि आजचा हँग ग्लायडर तयार झाला. कप्प्यांचा पंख डोमिना जाल्बर्टने 1964 साली मांडला. पॅराग्लायडिंगचा जन्म म्हणून फ्रान्समधल्या मिउसी गावाचं नाव घेतात. 1978 च्या जूनमध्ये तिथल्या पॅराशूटवाल्या मित्रांनी, विमानाचा खर्च वाचावा म्हणून, डोंगराच्या उतारावरून धावतच पॅराशूट उघडलं आणि हजारेक मीटर खाली दरीत उतरले. खर्च परवडत नाही म्हणून काढलेली ती युक्ती आज जगभरचा खेळ झाली आहे.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. कामशेतला त्या दिवशी धारेसमोर आमच्या दोन येरझाऱ्या झाल्या आणि प्रशिक्षकाने बोट दाखवलं. समोर, आमच्याच उंचीवर, एक घार पंख न हलवता गोल फिरत वर चालली होती. त्याने पंख तिकडे वळवला. त्याच्या मांडीवरचं छोटं यंत्र ‘टी टी टी’ करू लागलं. हा व्हेरिओमीटर, हवेचा दाब मोजून आपण वर जातोय की खाली ते सांगणारा. तो लागतोच, कारण माणसाच्या शरीराला वेगातला बदल कळतो, एकसारखा वेग कळत नाही. वर जायला लागताना पोटात गोळा येतो, पण एकदा त्या गतीने जाऊ लागलो की डोळे मिटून काहीच सांगता येत नाही. घारीला ते कळतं. आम्ही घारीच्या मागे तीन घेरे घेतले आणि धार आमच्या कितीतरी खाली राहिली. हे वर नेणं डोंगराचं नव्हतं. खालच्या शेतातून उठलेल्या गरम हवेचं होतं.

गरम हवेच्या या लोटाला थर्मल म्हणतात, आणि परभणीच्या माणसाला ते समजावून सांगायची गरजच नाही. एप्रिलमध्ये नांगरून टाकलेल्या रानातून धूळ-पाचोळा घेऊन फिरत उठणारी वावटळ ही थर्मलची बुडाशी दिसणारी शेपटी आहे. आपल्याला खालचे वीस-तीस मीटर दिसतात, कारण तिथवर धूळ असते. त्याच्या वर तोच लोट अदृश्यपणे शेकडो, कधी हजारो मीटर चढत राहतो. लहानपणी वावटळ आली की आम्ही डोळे झाकून बसायचो. तिच्यावर बसून माणूस ढगापर्यंत जातो, हे मला कामशेतला कळलं.

काळी माती या कामासाठी उत्तम. रंग काळा म्हणून ऊन जास्त शोषते. उन्हाळ्यात कोरडी आणि भेगाळलेली असते, म्हणून उष्णता खोल जात नाही, वरच्या थरातच साठते आणि तिला चिकटलेली हवा तापते. शेजारी उसाचा किंवा भिजवलेला फड असेल तर तिथलं ऊन पाण्याची वाफ करण्यातच खर्ची पडतं आणि हवा गार राहते. कोरड्या रानाची गरम हवा काही वेळ जमिनीला बिलगून थांबते, छताला लोंबणारा पाण्याचा थेंब थांबतो तशी, फक्त उलट्या दिशेने. मग एखादा धक्का पुरतो: बांधावरची झाडांची ओळ, ओल्या-कोरड्याची सीमा, रानातून गेलेला ट्रॅक्टर. थेंब सुटावा तशी ती सुटते आणि वर चढू लागते. वर चढणारी कोरडी हवा दर किलोमीटरला साधारण दहा अंशांनी थंड होते. हवेचं तापमान आणि तिच्यातल्या ओलाव्याचा दवबिंदू यांत जितक्या अंशांचा फरक, त्याला सव्वाशेने गुणलं की ढगाचा तळ किती मीटरवर असेल याचा अंदाज येतो. पारा 40 आणि दवबिंदू 10 असेल तर पावणेचार हजार मीटर. मराठवाड्याच्या उन्हाळ्यातली हवा इतकी खोल घुसळली जाते.

आपल्या परभणीकडे डोंगर कमी आहेत हे खरं. उत्तरेला जिंतूरकडे अजिंठ्याच्या रांगेच्या शेवटच्या टेकड्या, त्यांत नेमगिरी. दक्षिणेला गंगाखेडच्या अंगाला बालाघाटचे फाटे. बाकी गोदावरी, पूर्णा, दुधना यांचं सपाट काळं रान. म्हणून आपण मानतो की उडणं हे सह्याद्रीवाल्यांचं आणि हिमालयातल्या बीर-बिलिंगचं काम. पण जगातली सर्वांत लांब उड्डाणं कुठून झाली ते बघा. 3 जुलै 2012 रोजी डस्टिन मार्टिनने हँग ग्लायडरवर 764 किलोमीटर कापले, ते टेक्सासमधल्या झपाटा या सपाट, तापलेल्या, झुडपी मुलखातून. पॅराग्लायडरवर 2021 च्या जूनमध्ये सेबास्टियन काइरूझने 612 किलोमीटर कापले, तेही दक्षिण टेक्सासच्या सपाटीवरूनच. परभणी ते मुंबई सरळ रेषेत 400 किलोमीटरच्या आसपास आहे, यावरून अंदाज करा. डोंगर नसेल तिथे दोरीने ओढून पंख वर नेतात, चरख्यावर दोर गुंडाळणाऱ्या यंत्राने किंवा छोट्या विमानामागे. एकदा थर्मल सापडला की दोर सोडायचा. पुढचं काम ऊन करतं. डोंगराचा वारा डोंगर संपला की संपतो. तापल्या मैदानाचे लोट एकामागून एक भेटत राहतात.

या ताकदीची दुसरी बाजू तितक्याच स्पष्टपणे सांगायला हवी. एप्रिलच्या भर दुपारचा थर्मल अरुंद आणि उग्र असतो. त्याच्या कडेला वर जाणारी आणि खाली येणारी हवा खेटून असते, तिथे कापडी पंख मिटतो. म्हणून शिकणाऱ्यांना सकाळी लवकर किंवा संध्याकाळी उडवतात आणि दुपारी बसवून ठेवतात. आणि वळवाचा ढग दिसला की अनुभवीसुद्धा खाली उतरतात. 14 फेब्रुवारी 2007 रोजी ऑस्ट्रेलियातल्या मॅनिला गावाजवळ एवा विस्निएर्स्का या जर्मन पॅराग्लायडरपटूला वादळी ढगाने ओढून घेतलं. 9,946 मीटरपर्यंत, म्हणजे एव्हरेस्टच्याही वर. अंगावर बर्फ साचला, ती बेशुद्ध पडली, पंख तिला तसाच घेऊन फिरत राहिला आणि ती वाचली. त्याच दिवशी त्याच ढगात सापडलेला चिनी पॅराग्लायडरपटू वाचला नाही. मे महिन्यात परभणीवर दुपारी चारला जो काळा डोंगरासारखा ढग उभा राहतो, तो त्याच जातीचा.

आम्ही उतरलो ते सूर्य कलल्यावर, ज्वारी काढून नेलेल्या रानात. उतरायच्या आधी दोन्ही ब्रेक पूर्ण खाली ओढून त्याने पंख थांबवला आणि धसकटांत पाय टेकले. पहिल्यांदा लक्षात आला तो मातीचा ऊबदारपणा.

ज्यांना शिकायचं आहे त्यांच्यासाठी थोडं. कामशेतचा हंगाम साधारण ऑक्टोबर ते मे, पावसाळ्यात बंद. सुरुवातीचा वर्ग काही दिवसांचा असतो आणि त्यातला मोठा भाग सपाटीवर पंख डोक्यावर धरून ठेवण्यातच जातो. तो कंटाळवाणा वाटला तरी टाळू नका. साहसी पर्यटनासाठी महाराष्ट्राने 2021 मध्ये धोरण आणलं आहे. नोंदणी आहे का, प्रशिक्षकाकडे परवाना आहे का, आसनात राखीव पॅराशूट आहे का, हे विचारायला संकोचू नका. आणि एखाद्या दिवशी तो म्हणाला की आज उडायचं नाही, तर हट्ट धरू नका.

शेतात असणाऱ्यांना मात्र एक विनंती. येत्या चैत्र-वैशाखात वावटळ उठली की डोळे झाकायच्या आधी क्षणभर बघा: कोणत्या रानातून उठली, बांधाच्या कुठल्या बाजूने, किती वाजता, आणि तिच्या वर घार आली का. दोन-तीन उन्हाळे कुणी हे वहीत टिपून ठेवलं तर आपल्या भागातली हवा कुठून उठते त्याचा पहिला नकाशा तयार होईल.